एन्व्हलप बफरमध्ये साठवावा की चालता चालता मोजावा?

शून्यछेद

नमस्कार मंडळी. सुपरकोलायडर या ध्वनिसंश्लेषणाच्या प्रोग्रामिंग भाषेत मी एक लहानसा सँपलर लिहितो आहे. ध्वनीची फाइल बफरमध्ये, म्हणजे स्मृतीतल्या संख्यांच्या रांगेत, वाचायची, ती वाजवायची आणि तिच्या पातळीला पडद्यावर माउसने रेखाटलेला एन्व्हलप, म्हणजे पातळीच्या चढउताराची वक्ररेषा, लावायचा, एवढाच त्याचा आवाका आहे. रेखाटलेली वक्ररेषा मी १०२४ घरांच्या दुसऱ्या एका बफरमध्ये भरतो. आवाज सुरू झाला की 'लाइन' हे युनिट शून्यापासून १०२३ पर्यंत सरकत जाते आणि 'बफआरडी' त्या त्या घरातील मूल्य वाचून देते.

तक्रारी दोन आहेत. पहिली म्हणजे ५ मिलिसेकंदांचा अटॅक (सुरुवातीचा चढ) रेखाटला असला तरी सुरुवातीचा ठोसा कधी बोथट येतो, कधी नको इतका टोकदार येतो. दुसरी अधिक छळणारी आहे. ४ सेकंदांच्या फाइलवर मी शेवटच्या अर्ध्या सेकंदात शून्यापर्यंत उतरणारी सरळ रेषा काढली आहे, शेवटच्या घरात शून्यच आहे हे छापून पाहिले आहे, तरीही आवाज संपताना स्पष्ट 'टक्' ऐकू येते. पातळी शून्यावर आलेली असताना टक् येते कुठून?

आणि मूळ शंका अशी की एन्व्हलप बफरमध्ये साठवणे हेच मुळात चुकीचे आहे का? 'एन्व्हजेन' हे युनिट वापरून तो जागच्या जागी मोजून घ्यावा, असे एका मित्राचे मत पडले. जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास बरे होईल.

मंद्रगांधार

पहिल्या तक्रारीचे उत्तर साध्या भागाकारात आहे. ४ सेकंदांना १०२४ ने भागले की एका घराच्या वाट्याला सुमारे ३.९ मिलिसेकंद येतात. म्हणजे ५ मिलिसेकंदांचा चढ दाखवण्यासाठी तुमच्याकडे जेमतेम सव्वा घर आहे. तुम्ही रेखाटलेले शिखर दोन घरांच्या मधोमध पडले तर ते साठवलेच जात नाही आणि ठोसा बोथट होतो.

आता उलट बाजू पाहा. हाच बफर तुम्ही ०.२ सेकंदांच्या तुकड्याला लावला, तर सगळा एन्व्हलप वीस पटींनी आक्रसतो आणि ५ मिलिसेकंदांचा अटॅक पाव मिलिसेकंदाचा होतो. ४८००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८००० सँपल (ध्वनीची नोंदलेली मूल्ये) धरले तर, ते १२ सँपल झाले. इतक्या कमी वेळात पातळी शून्यावरून पूर्ण भरली, तर तो अटॅक राहत नाही, तीच एक टक् होते. खऱ्या वाद्याचा स्वर लांबवला म्हणून त्याचा आघात लांबत नाही. बफरमधल्या चित्राला मात्र सेकंद म्हणजे काय हे ठाऊक नसते. वाचणारा ज्या वेगाने वाचेल, तो त्याचा काळ.

खटपट्या

घरे ६५५३६ करून टाका आणि निवांत झोपा. एका मूल्याला ४ बाइट धरले तरी २५६ किलोबाइटच लागतात, आणि एवढ्यासाठी कोणाच्या संगणकाचे पोट दुखणार नाही.

मंद्रगांधार

खटपट्या, तुमच्या उपायाने चित्र बारीक होईल, पण आक्रसण्याचा दोष तसाच राहील. वाटल्यास अटॅकचा बफर वेगळा, रिलीजचा, म्हणजे शेवटच्या उताराचा, वेगळा आणि दोन्ही आपापल्या ठरलेल्या वेगाने वाचायचे, असे करता येते. पण एवढी उस्तवार केल्यावर आपण एन्व्हजेनच हाताने पुन्हा लिहिला, असे म्हणावे लागेल.

अबोल_वाचक

शीर्षक वाचून पाकिटे जपून ठेवण्याचा धागा असावा असे वाटले आणि आत आलो. आता सव्वा घरात अडकलो आहे. या एन्व्हलपला मराठीत कोणी लखोटा म्हणते का?

वक्ररेषा

काही जण 'आवरण' लिहितात. लखोटा मला मनापासून आवडला, परंतु 'लखोट्याचा अटॅक' असे वाक्य गंभीर चेहऱ्याने लिहिता येईल असे वाटत नाही.

जुनी_चुंबकफीत

बफरमध्ये एन्व्हलप ठेवणे ही चूक नाही, तो या विद्येचा सर्वांत जुना मार्ग आहे. १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी म्युझिक हा ध्वनी घडवणारा प्रोग्राम आयबीएम ७०४ या संगणकावर चालवला, आणि त्यातून पुढे जी कुळी वाढली तिच्यात साठवलेली फले (म्हणजे तक्त्यात मांडलेल्या वक्ररेषा) हा पायाच ठरला. दर सँपलला साइन काढणे महाग पडे, म्हणून एक आवर्तन तक्त्यात मांडून ठेवायचे आणि तक्ता फिरवून वाचायचा. एन्व्हलपही त्याच यंत्रणेने मिळे: ऑसिलेटर (तक्ता फिरवून वाचणारा भाग) तोच, फक्त त्याचा एक फेरा म्हणजे एका स्वराची संपूर्ण लांबी. शून्यछेद यांनी नकळत तेच पुन्हा घडवले आहे, त्यामुळे मंद्रगांधार यांनी दाखवलेला आक्रसण्याचा दोषही वारशाने आलाच.

चार टप्प्यांचा एन्व्हलप दुसऱ्या घरातून आला. १९६५ मध्ये संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी सिंथेसायझर घडवणारे रॉबर्ट मूग यांच्याकडून कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रासाठी यंत्रे घडवून घेताना चढ, पहिला उतार, टिकलेली पातळी आणि शेवटचा उतार अशी मागणी नोंदवली. तिथे स्वर किती लांब असेल हे यंत्राला आधी माहीत नसते, कळ केव्हा सुटेल ते वादकच ठरवतो. माझ्या मते दोन्ही पद्धतींतला खरा भेद हाच आहे. शेवट आधी ठाऊक असेल तर तक्ता चालतो, आणि शेवट दुसऱ्याच्या हाती असेल तर थांबून वाट पाहणारे काहीतरी लागते.

वक्ररेषा

चुंबकफीत यांच्याशी सहमत आहे. वाट पाहणे म्हणजे काय, ते थोडे उकलून सांगतो, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात.

एन्व्हजेनकडे चित्र नसते. त्याच्याकडे काही पातळ्या, त्यांमधले काळ आणि प्रत्येक टप्प्याचा बाक असतो. सुपरकोलायडरमध्ये एडीएसआर, म्हणजे वरचा चार टप्प्यांचा एन्व्हलप, काही न सांगता मागितला, तर ०.०१ सेकंदाचा अटॅक, ०.३ सेकंदांचा डिके (पहिला उतार), निम्मी सस्टेन (टिकलेली) पातळी, १ सेकंदाचा रिलीज आणि उणे ४ चा बाक मिळतो. गेट उघडे, म्हणजे कळ दाबलेली, असेपर्यंत तो सस्टेनच्या पातळीवर थांबतो. अटॅक अर्ध्यावर असतानाच कळ सुटली, तर तो त्या क्षणी जिथे असेल तिथूनच उतरू लागतो. तक्त्यात हे जमत नाही, कारण तिथे 'आत्ताची पातळी' आणि 'रिलीजचे पहिले घर' यांचा एकमेकांशी काही करार नसतो.

घातांकी उतारावर स्वतंत्र बोलायला हवे. दर सँपलला लक्ष्य आणि सध्याची पातळी यांतील फरकाचा ठरावीक अंश पुढे सरकायचे, हे सर्वांत स्वस्त गणित आहे आणि कानालाही ते नैसर्गिक वाटते. या वेगाचे माप म्हणजे कालांक. एका कालांकात ६३.२ टक्के अंतर कापले जाते, पाच कालांकांत ९९.३ टक्के, आणि शून्य मात्र कागदावर कधीच येत नाही. म्हणून कुठेतरी हात झाडून 'संपले' म्हणावे लागते. मूळ पातळीच्या हजाराव्या भागाला, म्हणजे उणे ६० डेसिबलला, आवाज सोडून देणे हा बहुतेकांचा रिवाज आहे. ब्राउझरमधल्या वेब ऑडिओमध्ये घातांकी उताराला शून्य हे लक्ष्य दिले की तो थेट त्रुटी फेकतो. अनेकांना हा त्याचा हट्ट वाटतो, पण गणित त्याच्याच बाजूने आहे.

आणि हात झाडायला विसरलात, तर आणखी एक गंमत होते. पातळी १०च्या उणे अडतिसाव्या घाताच्या खाली घसरली की ३२ बिटांची संख्या सामान्य रूपात मावत नाही, आणि काही प्रोसेसर अशा संख्यांवर विलक्षण मंदावतात. माझ्या पहिल्या सिंथेसायझरमध्ये सगळे स्वर विरून पूर्ण शांतता झाली की प्रोसेसरचा भार दुपटीने वाढत असे. दोन रात्री मी तो दोष आवाजात शोधत होतो आणि तो शांततेत बसला होता.

खटपट्या

शांततेत घाम गाळणारा संगणक मी पहिल्यांदाच ऐकला. त्यावर उपाय काय केलात?

वक्ररेषा

अशा संख्यांना सरळ शून्य मानण्याची सोय प्रोसेसरमध्येच असते. ऑडिओचा धागा (थ्रेड) सुरू होताना ती चालू केली. त्याशिवाय पातळी ठरलेल्या मर्यादेखाली गेली की स्वरच मुक्त केला.

कणाद

सगळे जण तक्त्याला नावे ठेवत आहेत म्हणून त्याची बाजू मांडतो. मी ग्रॅन्युलर संश्लेषण करतो, म्हणजे ध्वनीच्या बारीक कणांतून आवाज रचतो. माझा एकेक कण ४० मिलिसेकंदांचा असतो, त्याला कळ नसते, सस्टेन नसतो, आणि त्याचा शेवट जन्मतानाच ठरलेला असतो. सेकंदाला शेकडो कण पडत असताना प्रत्येकासाठी टप्पे मोजत बसण्यापेक्षा एकच आकार बफरमधून वाचणे सोयीचे पडते. कण वाजवणाऱ्या 'ग्रेनबफ'ला एन्व्हलपचा बफर क्रमांक उणे १ दिला तर तो आपला ठेवणीतला हॅन आकार (घंटेसारखा गुळगुळीत चढउतार) वापरतो, आणि स्वतःचा बफर दिला तर तो. हॅन आकाराचे कण निम्म्याने एकमेकांवर चढवले की त्यांची बेरीज सर्वत्र एक येते, त्यामुळे पातळी हेलकावत नाही.

एक इशारा मात्र देतो. बफआरडीला घरांमधली मूल्ये काढण्यासाठी तीन पर्याय आहेत: काहीच न जुळवणे (१), सरळ रेषेने जुळवणे (२) आणि घन वक्राने जुळवणे (४). ध्वनीसाठी तिसरा सर्वांत चांगला, म्हणून आपण तो सवयीने एन्व्हलपलाही लावतो. परंतु टोकदार कोपऱ्याजवळ घन वक्र थोडा बाहेर झेपावतो. पातळी एकाच्या वर जाते किंवा शून्याच्या खाली उतरून तेवढ्यापुरता ध्वनी उलटा होतो. एन्व्हलपसाठी सरळ रेषाच ठेवावी. शून्यछेद, तुमच्याकडे काय आहे?

शून्यछेद

माझ्याकडे घन वक्र होता, कारण ४ हा आकडा २ पेक्षा मोठा दिसतो. आता बदलला. ठोसा थोडा सुधारला आहे, शेवटची टक् मात्र जागची हललेली नाही.

दरम्यान एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. आवाज वाजत असतानाच मी वक्ररेषा पुन्हा रेखाटली, तर मधूनमधून खर्रकन आवाज येतो. हे कशामुळे होते?

धागेदोरे

कारण वाचणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि दोघांची एकाच बफरवर गाठ पडते. वाचन ५०० व्या घरावर असताना तुम्ही खालची रेषा बदललीत, तर पातळी एका सँपलमध्ये जुन्या मूल्यावरून नव्यावर उडी मारते. नवी रेषा नेहमी दुसऱ्या, रिकाम्या बफरमध्ये भरावी आणि पुढचा स्वर सुरू होताना त्याला नवा क्रमांक द्यावा. जुने स्वर जुन्या बफरवरच संपू द्यावेत आणि शेवटचा वाचणारा गेल्यावर तो बफर मोकळा करावा. सुपरकोलायडरच्या सर्व्हरकडे, म्हणजे ध्वनी घडवणाऱ्या भागाकडे, मुळातच १०२४ बफरांची सोय असते, त्यामुळे काटकसर करण्याचे कारण नाही.

सी प्लस प्लसमध्ये लिहिणाऱ्यांना हेच अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. २५६ सँपलांचा ठोकळा ४८००० हर्ट्झला ५.३ मिलिसेकंदांत तयार व्हायलाच हवा. त्या वेळात ऑडिओच्या धाग्याने स्मृती मागायची नाही, परत करायची नाही, कुलूप उघडण्याची वाट पाहायची नाही आणि फाइलला हात लावायचा नाही. आम्ही नवा तक्ता बाहेर पूर्ण तयार करतो, आत फक्त त्याचा पत्ता अविभाज्य क्रियेने बदलतो, आणि जुना तक्ता केर काढणाऱ्या दुसऱ्या धाग्याकडे सोपवतो. 'एकदाच मागितली स्मृती, काय बिघडते' असे म्हणून मी हा नियम मोडला होता. माझ्या यंत्रावर काही बिघडले नाही, बिघडले ते प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्याच्या यंत्रावर, आणि तेही सर्वांत शांत जागी.

अबोल_वाचक

टोपणनाव पाहून आधी कळायला हवे होते की हे धाग्यांवरच बोलणार.

कणाद

बफरचा विषय निघालाच आहे तर मोठ्या फाइलींचा एक खड्डाही दाखवून ठेवतो. बफआरडीला निर्देशांक ३२ बिटांच्या दशांश संख्येने मिळतो. त्या संख्येत पूर्णांक अचूक राहतात ते १,६७,७७,२१६ पर्यंतच. ४८००० हर्ट्झला हे सुमारे ५ मिनिटे ४९ सेकंद झाले. त्याआधीच अपूर्णांक झिजू लागतात. एका मिनिटाच्या जागी दोन शेजारच्या संख्यांमधले अंतर पाव सँपल असते, त्यामुळे तिथून संथ गतीने वाचताना आवाज खरखरीत होतो आणि दोष आपण उगाच एन्व्हलपला देतो. प्लेबफ (फाइल वाजवणारे युनिट) आपले स्थान आतल्या आत दुप्पट अचूकतेने सांभाळतो, म्हणून लांब फाइलींसाठी तोच वापरावा.

खटपट्या

एक माझाही प्रश्न याच विषयात बसतो. आवाजाचे वेटोळे (लूप) करताना शेवट आणि सुरुवात एकमेकांत मिसळण्यासाठी मी नेहमी समशक्ती मिश्रण वापरतो, म्हणजे एकाला साइन आणि दुसऱ्याला कोसाइन. मध्यावर दोघेही ०.७०७ वर असतात. पुस्तकी नियम पाळूनही वेटोळ्याच्या सांध्यावर आवाज फुगतो. असे का व्हावे?

वक्ररेषा

कारण तो नियम एकमेकांशी संबंध नसलेल्या ध्वनींचा आहे. एकाच वाद्याचा स्थिर स्वर तुम्ही लाटेला लाट जुळवून त्याच्यावरच चढवता, तेव्हा दोन्ही ध्वनी जवळजवळ सारखेच असतात. त्यांची शक्ती नव्हे, मूल्ये सरळ मिळवली जातात, आणि ०.७०७ अधिक ०.७०७ म्हणजे १.४१४, अर्थात ३ डेसिबलची फुगी. तिथे अर्धा अधिक अर्धा असे सरळ रेषेचे मिश्रण योग्य. पाऊस, गर्दी, वारा असे आवाज असतील तर तुमची साइन-कोसाइन बरोबर आहे, आणि तिथे सरळ रेषा लावली तर उलट मध्यावर ३ डेसिबलचा खड्डा पडेल.

मंद्रगांधार

मंडळी, शून्यछेद यांची शेवटची टक् अजून तशीच आहे, तिकडे वळू या. दोन गोष्टी विचारतो. पहिली, प्लेबफला डनॲक्शन, म्हणजे काम संपल्यावर काय करायचे ते, काय दिले आहे? दुसरी, फाइल किती हर्ट्झची आणि सर्व्हर किती हर्ट्झवर चालतो आहे?

शून्यछेद

प्लेबफला आणि एन्व्हलप वाचणाऱ्या लाइनला, दोघांनाही डनॲक्शन २ दिले आहे. ज्याचे काम संपेल त्याने सिंथ, म्हणजे वाजणारा तो सगळा स्वर, मोकळा करावा, असा विचार होता. फाइल ४४१०० ची आहे, सर्व्हर ४८००० वर आहे. गतीच्या जागी मी १ लिहिले आहे.

मंद्रगांधार

मग टक् सापडली. गती १ याचा अर्थ सर्व्हरच्या एका सँपलला फाइलचे एक सँपल. ४ सेकंदांच्या फाइलमध्ये १,७६,४०० सँपल आहेत आणि ती ४८००० च्या वेगाने ३.६७५ सेकंदांत संपतात. तुमचा एन्व्हलप मात्र खऱ्या ४ सेकंदांवर बेतलेला आहे. प्लेबफ आधी पोहोचतो, डनॲक्शनमुळे सगळा सिंथ तिथल्या तिथे पुसला जातो, आणि त्या क्षणी एन्व्हलप ९४० व्या घराच्या आसपास असतो. अर्ध्या सेकंदाच्या उतारात ०.३२५ सेकंद शिल्लक, म्हणजे पातळी ०.६५. तुम्ही शेवटच्या घरातले शून्य छापून पाहिलेत, पण त्या घरापर्यंत वाचन कधी गेलेच नाही.

गतीला बफरेटस्केलने (फाइल आणि सर्व्हर यांच्या हर्ट्झच्या गुणोत्तराने) गुणा, प्लेबफचे डनॲक्शन काढून टाका आणि सिंथ मोकळा करण्याचा अधिकार एकट्या एन्व्हलपकडे ठेवा. आणि एक विचारतो: तुमचा आवाज सुमारे दीड सेमीटोन चढा लागत होता, ते कानाला कळले नाही का?

शून्यछेद

कळले होते. मीच गाऊन ध्वनिमुद्रण केले होते आणि त्या दिवशी आपण बरेच उत्साहात गायलो, अशी समजूत करून घेतली होती.

दोन्ही बदल केले, टक् पूर्ण गेली. आता वक्ररेषेतले बिंदू मी पातळी आणि काळ अशा जोड्यांत ठेवतो आणि त्यांतून एन्व्हजेनचे टप्पे बनवतो. पडद्यावरचे चित्र केवळ दाखवण्यापुरते बफरमध्ये राहते. ५ मिलिसेकंदांचा अटॅक ०.२ सेकंदांच्या तुकड्यातही ५ मिलिसेकंदांचाच येतो.

एकच शंका उरली. तीच कळ भरभर दाबली, तर आधीचा स्वर लांब रिलीजमध्ये असतानाच नवा सुरू होतो आणि स्वरांची गर्दी होते. जुना स्वर थेट मुक्त केला, तर पुन्हा टक् येते.

वक्ररेषा

थेट मुक्त करू नका. एन्व्हजेनच्या गेटला उणे १ पेक्षा लहान संख्या दिली की तो आपला नेहमीचा रिलीज सोडून सक्तीने उतरतो, आणि उणे १ च्या पलीकडचा भाग हा उतरण्याचा काळ मानला जातो. गेट उणे १.०२ केले, तर स्वर असेल त्या पातळीवरून २० मिलिसेकंदांत शून्यावर येईल आणि मग मोकळा होईल. तेवढ्यात नव्या स्वराचा आघात त्याला झाकून टाकतो.

शून्यछेद

उणे १.०२ ने काम झाले. खालच्या पट्टीतले जाड स्वर २० मिलिसेकंदांतही किंचित खटकत होते, त्यांच्यासाठी उणे १.०४ ठेवले आहे.